हेतू किंवा परिणाम

पंचक्रोशीत कुठेही चोरी झाली, विहिरीवरच्या मोटारपंपाची केबल कापली गेली, खळ्यावरून तुरीची पोती गेली, की रात्री गाडीचे दिवे आधी पारधी बेड्याकडे, म्हणजे पारध्यांच्या वस्तीकडे, वळतात. यवतमाळ घ्या, अमरावती घ्या, अकोला, वाशीम, वर्धा घ्या. बेडा गावापासून दूर, बहुतेक वेळा ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराईच्या, जमिनीवर. पांदण रस्ता आषाढात गुडघाभर चिखलाचा, तरी ती गाडी तेवढी पोचते. घरातल्या कर्त्या माणसाला 'चौकशीला' नेतात आणि दोन दिवसांनी, कधी चार दिवसांनी सोडतात. गुन्हा दाखल नाही, अटक नाही, कागद नाही. तेवढ्या दिवसांत कापूस वेचणीची मजुरी बुडते, लेकरू शाळेत जात नाही, गावातला दुकानदार उधारी बंद करतो. यातलं काहीच कुठल्या रजिस्टरात चढत नाही.

वंशभेद आणि परक्यांबद्दलचा द्वेष यांविरुद्ध जगाने गेल्या पाऊणशे वर्षांत जे करार केले, ज्या समित्या बसवल्या, त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला तरी सुरुवात बेड्यावरूनच करावीशी वाटते. जिनिव्हात सरोवराकाठी 'पॅले विल्सन' नावाची जुनी इमारत आहे. संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय तिथे असतं. वंशभेद निर्मूलन समिती अठरा तज्ज्ञांची आहे, आणि करारावर सही केलेल्या देशांनी दिलेले अहवाल ती तपासते. त्या समितीच्या टेबलावर आणि बेड्यावरच्या त्या बुडालेल्या मजुरीत नातं आहे. ते एका करारातल्या दोन-तीन शब्दांनी जोडलेलं आहे, आणि त्यातला एक शब्द भारताने स्वतः सुचवलेला आहे.

सर्व प्रकारचा वंशभेद नष्ट करण्याचा हा आंतरराष्ट्रीय करार २१ डिसेंबर १९६५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मंजूर केला आणि ४ जानेवारी १९६९ पासून तो लागू झाला. भारताने त्याला डिसेंबर १९६८ मध्येच मान्यता दिली होती. पहिल्याच कलमात व्याख्या आहे. वंश, वर्ण म्हणजे कातडीचा रंग, कूळ, राष्ट्रीय मूळ आणि वांशिक मूळ, या पाच आधारांवर केलेला कोणताही भेद, वगळणं, अडवणूक किंवा झुकतं माप, ज्याचा हेतू किंवा परिणाम माणसाचे हक्क बुडवण्याचा आहे, तो वंशभेद. यातला 'कूळ' म्हणजे इंग्रजीतला 'डिसेंट', जन्माने पाठीला लागलेली ओळख. मसुद्यावर चर्चा चालू असताना हा शब्द भारताच्या प्रतिनिधींनी घालून घेतला. पुढे समितीने विचारलं की मग यात जात आली ना? तेव्हा भारत सरकार म्हणालं, नाही. जात हा वंश नाही, तो आमचा घरचा विषय आहे आणि त्यासाठी आमच्या राज्यघटनेत तरतूद आहे. समितीने १९९६ मध्येच भारताला स्पष्ट सांगितलं होतं की 'कूळ' फक्त वंशापुरतं नाही, जात त्यात येते. २००१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद भरली. भारतातले अनेक दलित कार्यकर्ते तिथे पोचले होते. सरकारी अंतिम जाहीरनाम्यात 'जात' हा शब्द येऊ शकला नाही. पण पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, समितीने आपली २९ वी सर्वसाधारण शिफारस काढली आणि कुळावर आधारलेल्या भेदभावात जातिव्यवस्था येते हे शब्दांत लिहून ठेवलं.

भारत हा या प्रश्नावर जगात उशिरा बोलणारा देश कधीच नव्हता. १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार भारताने संयुक्त राष्ट्रांत नेली आणि विजयालक्ष्मी पंडित यांनी ती लढवली. एखादा देश आपल्या हद्दीत आपल्या माणसांशी कसा वागतो हे बाहेरच्यांनी विचारू नये, हा दक्षिण आफ्रिकेचा मुद्दा होता, आणि आमसभेने भारताच्या बाजूने ठराव केला. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. अस्पृश्यांनाही तसंच करता येईल का, हा विचार त्यामागे होता. द्यू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी सहानुभूतीचं उत्तर पाठवलं. बाबासाहेबांनी अस्पृश्यांचा अर्ज तेव्हा पाठवला नाही. त्यानंतर दहा वर्षांनी नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ झाला, आणि दीक्षाभूमीवर लाखोंनी जे केलं ते कोणत्याही करारावाचून केलं. विदर्भाच्या खेड्यांत आंतरराष्ट्रीय हा शब्द परका वाटायचं कारण नाही. नागपूरला रेल्वेने गेलेल्या आज्या-पणज्यांच्या आठवणींत तो बसलेला आहे.

आता त्या व्याख्येतल्या दुसऱ्या जोडशब्दाकडे, 'हेतू किंवा परिणाम'. माझ्या मते या सगळ्या करारातला सगळ्यात उपयोगी भाग हाच आहे, आणि आपल्याकडे त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष गेलं. कारण हेतू सिद्ध करणं म्हणजे माणसाच्या मनात शिरणं.

खैरलांजीचं उदाहरण घ्या. भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात, २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी एका दलित कुटुंबातले चार जण मारले गेले: आई, मुलगी, दोन मुलगे. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं आणि सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांचा कारावास केला. खुनाचा गुन्हा दोन्ही न्यायालयांत टिकला, ॲट्रॉसिटी कायदा, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांविरुद्धचा कायदा, मात्र दोन्हीकडे लागला नाही. जातीच्या कारणावरून मारलं हे सिद्ध होत नाही, असं दोन्ही ठिकाणी ठरलं. तेव्हाच्या कलमात शब्दच तसे होते: पीडित माणूस अनुसूचित जाती-जमातीचा आहे 'या कारणावरून' गुन्हा केलेला असला पाहिजे. भांडण जमिनीचं होतं, रस्त्याचं होतं, आधीच्या साक्षीचा राग होता, असं म्हटलं की जात बाजूला पडते. खेड्यात जात कधी एकटी चालत येत नाही. ती धुऱ्यावरून येते, पाण्याच्या पाळीवरून येते, मुलीच्या सायकलवरून येते. नुसत्या जातीपायी, दुसरं काहीही कारण नसताना, कोणी कोणाला मारलं असं उदाहरण शोधायला गेलं तर सापडणं कठीण.

समितीने भारताचा अहवाल शेवटचा तपासला तो फेब्रुवारी २००७ मध्ये, खैरलांजीनंतर पाचच महिन्यांनी. २०१५ मध्ये संसदेने ॲट्रॉसिटी कायदा दुरुस्त केला आणि २६ जानेवारी २०१६ पासून तो लागू झाला. त्या कलमातले 'या कारणावरून' हे शब्द गेले आणि 'हे माहीत असून' हे शब्द आले. सोबत एक गृहीतकही आलं: आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असंच न्यायालय धरून चालेल, उलट सिद्ध होईपर्यंत. सातशे वस्तीच्या गावात कोण कोणाला ओळखत नाही? हा बदल जिनिव्हाने केला असं मी म्हणणार नाही. तो इथल्या वकिलांनी, संघटनांनी, पीडितांच्या नातेवाइकांनी वर्षानुवर्षे मागितला. पण मनात शिरायची अट सैल करून घडलेल्या गोष्टीकडे पाहायचं, ही करारात १९६५ पासून असलेली दिशा आपल्या कायद्यात अर्धी तरी उतरली.

अर्धीच, कारण बेड्यावरच्या चौकशीला हे लागू पडत नाही. तिथे गुन्हाच नोंदलेला नसतो. ठाणेदार मनापासून सांगेल की त्याच्या मनात कोणाबद्दल आकस नाही, आणि ते खरंही असू शकेल. त्याला वरून तपासाचा दट्ट्या असतो, जुन्या नोंदी हाताशी असतात, आणि त्या नोंदींत बेड्यावरची नावं आधीपासून असतात. ती कुठून आली याचा माग काढत गेलं की १८७१ पर्यंत जावं लागतं. त्या वर्षीच्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. त्यातून सुटलेल्या या जमातींना विमुक्त म्हणतात, आणि बेड्यांवर आणि तांड्यांवर विमुक्त दिन साजरा होतो तो म्हणून. त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. त्यांत जमातीचं नाव नाही, तरी जुन्या यादीतली माणसं नव्या यादीत सरकली. २००७ च्या निष्कर्षांत समितीने भारताला हे कायदे रद्द करा आणि विमुक्त-भटक्यांचं पुनर्वसन करा असं सांगितलं. २०२० मध्ये समितीने ३६ वी सर्वसाधारण शिफारस काढली. पोलिसांनी वंशावरून, कुळावरून, दिसण्यावरून संशय धरणं कसं रोखायचं, याबद्दल ती आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये पोलिसांच्या हिस्टरी शीटमध्ये, म्हणजे नजर ठेवायच्या माणसांच्या नोंदीत, मागास समाजातल्या निरपराधांची नावं यंत्रवत चढवण्यावर बोट ठेवलं. ३ ऑक्टोबर २०२४ च्या तुरुंगातल्या जातीय कामवाटपाविरुद्धच्या निकालात विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये असा आदेशही दिला. म्हणजे कागद भरपूर आहे, वरून खाली येणारा. खालून वर जाणारा कागद मात्र नाही, आणि परिणाम सिद्ध करायचा तर तोच लागतो.

तो कसा तयार होतो, ते सविस्तर सांगतो, कारण बहुतेक प्रयत्न इथेच गळतात.

दोनशे पानी वही घ्यावी. एका घटनेला एक पान. वर तारीख आणि वेळ, अंदाजे का होईना पण त्याच दिवशी लिहिलेली. कोणाला नेलं, वय, कोणत्या घरातून. किती पोलीस होते, गणवेशात होते का, गाडीचा नंबर. सोबत महिला पोलीस होती का. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर खास कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी लागते, म्हणून हा मुद्दा स्वतंत्र लिहायचा. नोटीस दिली का? सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात साधारणपणे आधी नोटीस द्यावी लागते. अटक झाली असेल तर अटक पंचनाम्यावर घरच्या किंवा गावातल्या जबाबदार माणसाची सही आहे का? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात ही सही सक्तीची केली आणि आता ती नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यातही आहे. चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभं केलं का? आणि शेवटचा रकाना, जो सगळे विसरतात: पुढे काय झालं. सोडलं, गुन्हा लावला, दोषारोपपत्र गेलं, निर्दोष सुटला, शिक्षा झाली. हा रकाना वर्षभर रिकामा राहिला तरी चालेल, पण त्यासाठी पानावर जागा सोडलेली असावी.

पानाच्या मागच्या बाजूला पैशांचा हिशोब. किती दिवसांची मजुरी गेली, दर किलोमागे वेचणीचा भाव काय होता, वकिलाला किती दिले, तालुक्याला जाण्यायेण्याचं भाडं किती, बकरी विकावी लागली का. हे लिहायला लोक संकोचतात. पण परिणाम म्हणजे दुसरं काय असतं?

हे का लिहायचं, तर वर्षाअखेर ही पानं मोजता येतात. त्या ठाण्याच्या हद्दीत वर्षभरात चोरीचे गुन्हे किती नोंदले हे माहितीच्या अधिकारात मिळतं. बेड्यावरून किती वेळा माणसं उचलली हे वहीत असतं. त्यांतल्या किती जणांवर दोषारोपपत्र गेलं आणि किती जणांना शिक्षा झाली, हे शेवटच्या रकान्यात. या आकड्यांतलं अंतर दाखवलं की कोणाच्या मनात काय होतं हे विचारायची गरज उरत नाही.

माहिती अधिकाराच्या अर्जात चुका ठरलेल्या असतात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. लोक एकाच अर्जात ठाणं, तहसील आणि समाजकल्याण असं सगळं कोंबतात आणि अर्ज परत येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तोही नाही. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. 'का उचललं' असा प्रश्न विचारू नये, कारण तो माहितीचा प्रश्न नाही. 'अमुक ते अमुक तारखेदरम्यानच्या स्टेशन डायरीतल्या अमुक नोंदींच्या प्रती' असं मागावं. तपास चालू असल्याचं कारण देऊन नकार आला तर निव्वळ आकडे मागणारा वेगळा अर्ज करावा. ठाण्यात कॅमेरे बसवून त्यांचं चित्रण शक्यतो अठरा महिने ठेवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं आहे. म्हणून घटनेनंतर आठवड्याच्या आत, ते चित्रण जपून ठेवावं असा साधा अर्ज पोलीस अधीक्षकांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. पोच म्हणजे दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही. शिक्क्याशिवाय परत आलात तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

अत्याचाराचा गुन्हा असेल तर आणखी काही गोष्टी. फिर्यादीत दोन्ही बाजूंची जात लिहायला लावायची. शिवीगाळ झाली ती चारचौघांत, लोकांच्या नजरेसमोर झाली असेल तर ते कुठे आणि कोणासमोर हे लिहायचं. घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कोणी नसताना झाली असेल तर ते कलम टिकत नाही, आणि तिथे खोटी भर घातली की सगळं प्रकरणच ढासळतं. एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंद करून हातात चिठ्ठी दिली तर ती एफआयआर नाही, हे घरी जायच्या आधी ओळखता आलं पाहिजे. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा आणि दोषारोपपत्र साठ दिवसांत. मदतीची रक्कम गुन्ह्याप्रमाणे पंच्याऐंशी हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत, आणि ती टप्प्याटप्प्याने मिळते. तात्काळ मदत सात दिवसांत मिळायला हवी. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व सनियंत्रण समिती दर तीन महिन्यांनी बसली पाहिजे. तिची इतिवृत्तं मागवावीत. बैठक झालीच नाही, असं लेखी उत्तर आलं तर तेही सांभाळून ठेवावं, कारण त्या कागदाला पुढे किंमत आहे.

यात सगळ्यात मोठी धोंड म्हणजे मिटवामिटवी. पोलीस पाटील, सरपंच, दोन्हीकडचे चार वडीलधारे, आणि २००७ पासून आलेली तंटामुक्त गाव समिती. धुऱ्याची भांडणं मिटवायला ती समिती चांगली आहे, तिने पुष्कळ कोर्टकचेऱ्या वाचवल्या. पण गावाला बक्षीस मिळावं म्हणून जातीवरून झालेली मारहाण तिच्यापुढे नेऊन समझोत्यावर अंगठे घेतले जातात, तेव्हा एक गुन्हा दडपला जातो आणि गाव कागदोपत्री निर्मळ दिसतं. नंतर कोणी आकडे मागितले तर शून्य मिळतं.

दुसरी धोंड जातीच्या दाखल्याची, आणि ती खूप बारीक आहे. फासेपारधी अनुसूचित जमातीच्या यादीत आहेत. राजपारधी आणि पालपारधी विमुक्त जातींच्या यादीत. ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण पहिल्यांना, दुसऱ्यांना नाही. एकाच बेड्यावर, एकच बोली बोलणाऱ्या दोन घरांना वेगळा कायदा लागू शकतो. दाखल्यासाठी जमातीचा पुरावा ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा लागतो, विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. ज्यांचा आजा रानात जन्मला आणि ज्यांच्या बापाचं नाव शाळेत कधी लागलं नाही, त्यांनी १९५० चा कागद कुठून आणायचा? दाखला नाही म्हणून फिर्यादीत जमात लिहिली जात नाही, जमात नाही म्हणून कलम लागत नाही, कलम नाही म्हणून आकड्यात गणती होत नाही. अशा वेळी तहसीलला स्थानिक चौकशीची, गृहचौकशीची लेखी मागणी करावी, आणि नातेवाइकांपैकी ज्या कोणाला जात वैधता प्रमाणपत्र मिळालं आहे त्याची प्रत वंशावळीसह जोडावी. वंशावळ शपथपत्रावर हवी. नाव लिहिण्यातला काना-मात्र्याचा फरक आडवा येतो, म्हणून सगळ्या कागदांवरची नावं आधी जुळवून बघावीत.

आता वर जाणाऱ्या वाटेकडे. करारातल्या १४ व्या कलमाप्रमाणे एखाद्या माणसाला थेट समितीकडे तक्रार करता येते, पण त्याच्या देशाने तशी मान्यता दिलेली असेल तरच. भारताने ती दिलेली नाही. म्हणून तिथे अर्ज पाठवण्यात लोकांनी टपालखर्च आणि आशा घालवू नये. उघडी दारं दुसरी आहेत. एक म्हणजे सार्वत्रिक आढावा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत प्रत्येक देशाच्या मानवाधिकारांची होणारी तपासणी. दर साडेचार-पाच वर्षांनी प्रत्येक देशाची पाळी येते. भारताची २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये आली. त्यासाठी संघटना लेखी निवेदन देऊ शकतात. एकट्या संघटनेला २,८१५ शब्दांची मर्यादा, अनेक संघटना मिळून दिलं तर ५,६३० शब्दांची. बैठकीच्या कित्येक महिने आधी मुदत संपते. दुसरं दार विशेष प्रतिवेदकांचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी एकेका विषयावर नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांचं. वंशभेदावरच्या विशेष प्रतिवेदकाचं पद १९९३ पासून आहे. त्यांच्याकडे एकट्या माणसाच्या बाजूनेही माहिती पाठवता येते. घटना, तारीख, जागा, कोणी केलं, कुठे दाद मागितली, आणि पीडिताची संमती हे सगळं लागतं. नाव सरकारला कळू द्यायचं की नाही हेही विचारतात. प्रतिवेदकाने सरकारला पत्र लिहिलं तर ते साठ दिवसांनी जाहीर होतं, उत्तर आलं असेल तर उत्तरासह. मराठीत पाठवून चालत नाही, आणि हा अडसर खरा आहे. पण भाषांतर करणारा माणूस नागपुरात, अमरावतीत मिळू शकतो. ज्याचं भाषांतर करायचं ती वही मिळत नाही.

संमतीबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पीडिताला न विचारता त्याची कहाणी जगापुढे मांडणं हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय आहे. बेड्यावर परतून राहायचं त्याला आहे. म्हणून लिहिलेलं त्याच्या बोलीत वाचून दाखवावं, आणि तो 'हे काढा' म्हणाला तर काढावं, ते वाक्य निवेदनातलं कितीही जोरकस असलं तरी.

पाच आधारांतले शेवटचे दोन, राष्ट्रीय आणि वांशिक मूळ, खेड्यात वेगळ्या रूपाने भेटतात. सुगीनंतर भिक्षेकरी येतात: डवरी गोसावी, बहुरूपी, नंदीवाले. गावाला ते ओळखीचे असायचे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच डवरी गोसाव्यांना जमावाने मारून टाकलं. मोबाइलवरच्या अफवा आधीपासून फिरत होत्या. त्यानंतर भटक्यांनी गावात शिरण्याआधी ठाण्यात नोंद करावी असं सुचवलं जाऊ लागलं, आणि बरेच जण भीतीपोटी ती करतातही. जीव वाचतो हे खरं. पण नाव नोंदवा, मगच फिरा, हीच १८७१ च्या कायद्याची भाषा होती. यावर सोपा उपाय मला दिसत नाही. गावाकडून करता येण्यासारखं एक आहे. कोणती कुटुंबं कोणत्या महिन्यात येतात याची नोंद त्यांनी ठाण्यात करण्याऐवजी ग्रामपंचायतीने स्वतःकडे ठेवावी, आणि त्यांची ओळख पटवण्याची जबाबदारी गावाने घ्यावी. ओझं परक्यावर न टाकता घरच्यावर टाकायचं. करारातलं सातवं कलम शिक्षण, संस्कृती, प्रसार यांतून पूर्वग्रह दूर करायला सांगतं. शाळेत डवरी गोसाव्याला बोलावून त्याची गाणी मुलांना ऐकवणं हे त्या कलमाचं थेट पालन आहे.

आणि मग परतीची वाट, जी जवळजवळ कोणी चालत नाही. समितीचे निष्कर्ष इंग्रजीत, परिच्छेदांना आकडे घातलेले असतात. संघटनांची माणसं ते दिल्लीत वाचतात, परिसंवादात सांगतात. ज्यांच्याबद्दल ते लिहिलेले आहेत त्यांना जगाने आपल्याबद्दल काही म्हटलं आहे हेच माहीत नसतं. सगळे निष्कर्ष आणायची गरज नाही. सराईत गुन्हेगार कायद्याबद्दलचा परिच्छेद, पोलिसांच्या संशयाबद्दलच्या ३६ व्या शिफारशीतला उपयोगी भाग आणि ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालातला विमुक्तांबद्दलचा आदेश, एवढं मराठीत उतरवलं तरी दोन पानांत बसतं. मोठ्या अक्षरांत छापावं, बेड्यावर संध्याकाळी चुली पेटायच्या आधी वाचावं, कारण नंतर बाया मोकळ्या नसतात. तिसऱ्या पानावर वहीतली वर्षाची बेरीज घ्यावी. मग ही तीन पानं ग्रामसभेत न्यावीत. विषयपत्रिकेवर विषय यावा म्हणून सचिवाला आधी लेखी द्यावं, नाहीतर 'आयत्या वेळचे विषय' यात तो ढकलला जातो आणि तोवर माणसं उठलेली असतात. चौकशीला न्यायच्या माणसाची लेखी माहिती ठाण्याने ग्रामपंचायतीला द्यावी, एवढीच मागणी ठरावात असावी; जास्त घातलं की ठराव बारगळतो. प्रोसिडिंग बुकात ठराव क्रमांक पडला का, सूचक-अनुमोदकाची नावं आली का, मजकूर वाचून दाखवला तसाच उतरला का हे तिथेच बघावं, आणि खाली अध्यक्ष व सचिवाची सही झाल्याशिवाय बेड्यावरच्या माणसांनी सभा सोडू नये.